कृष्णविवर, पाहा

एल्स्पेट गोर्ली पुस्तकं लिहीत नाही.
दुसऱ्यांच्या पुस्तकांना शेवटी
अकारविल्हे सूची लावते,
पानामागे ठरलेले पेन्स घेऊन.
डंडी शहर, तिसरा मजला.
खिडकीत टे नदीवरचा पूल असतो;
धुकं आलं की नसतो.

या महिन्यातलं हे दुसरं कृष्णविवर.
मुखपृष्ठ काळं, मधोमध नारिंगी कडं,
शेगडीवर विसरलेल्या तव्यासारखं.
लेखक हुशार आहे, हसरा आहे,
आणि त्याला राहवत नाही :
चाळिसाव्या पानावर कृष्णविवर म्हणजे आयकर खातं,
एकेचाळिसाव्यावर सासूची पर्स,
त्र्याऐंशीवर त्याचं स्वतःचं पहिलं लग्न,
मग बँका, तारुण्य,
मुलाच्या खोलीतले मोजे.
जे गेलं आणि सापडत नाही ते सगळं
एकाच खड्ड्यात.

ती पेन्सिलीला टोक काढते. धंद्याचा नियम आहे,
वस्तू वेगळी, उपमा वेगळी.
कृष्णविवर, खरं : नऊ पानं.
कृष्णविवर, उपमा म्हणून : एकसष्ट.
तारे स्वतःच्याच वजनानं आत कोसळतात म्हणे.
पुस्तकंही.

लॅकी तिचा धाकटा भाऊ.
आर्ब्रोथच्या बोटीवर होता. बोट परत आली,
मासळी होती, दोर नीट गुंडाळलेले होते,
त्याचा मगसुद्धा खुंटीला.
आपल्याकडे म्हणाले असते, आभाळच फाटलं
तिथे ठिगळ कुठं लावणार.
त्यांच्याकडे तसं म्हणत नाहीत. किटली चढवतात.
शेजारची मिसेस आयमर तेवढी म्हणाली,
आता हे भोक तुला गिळणार, पोरी.
तेव्हा तिला ते खरं वाटलं होतं.

मग कितीतरी वर्षांनी, पडद्यांचे हूक शोधताना,
त्याच्या बुटांच्या खोक्यात एक पुस्तक.
गावच्या वाचनालयाचं, ताऱ्यांवरचं,
परतीचा शिक्का १४ मार्च १९७९.
दंड अजून वाढत असेल.
आत एका परिच्छेदाखाली रेघ :
सूर्य काढून तिथे तेवढ्याच वजनाचं
कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी आत पडणार नाही.
फिरत राहील, त्याच वाटेनं, त्याच वेगानं,
वर्षाचे दिवस तेवढेच.
फक्त उजाडणार नाही.
आणि समासात त्याचं गिचमिड अक्षर :
ओढत नाही की मग! एल्सीला सांगणे.

सांगितलं नव्हतं त्यानं.
विसरला असेल, किंवा बोट पहाटेची होती.
ती तशीच उभी राहिली, हातात हूक.
मंगळवार होता.
मंगळवारी कचऱ्याचा डबा खाली न्यायचा असतो.
तिनं नेला. इतकी वर्षं
एकही मंगळवार चुकला नव्हता
हे तिला जिन्यात कळलं.

म्हणून आज ही हसऱ्या लेखकाची पानं
ती जरा रागानंच उलटते.
गिळत नाही रे, बाबा. जवळ गेलास तर गोष्ट वेगळी.
पण सूचीत मत द्यायला जागा नसते.
असतात ती नावं, स्वल्पविराम आणि आकडे.

तिच्या सूचीत एक नोंद जास्त आहे,
गुरुत्वाकर्षणाच्या अगदी शेजारी :
गोर्ली, लॅकलन, २१२.

शुक्रवारी एडिंबरोहून प्रिंगलचा फोन.
प्रकाशनातला नवा मुलगा, भिडस्त.
मॅडम, दोनशेबारा पान कोरं आहे.
प्रकरण दोनशेअकरावरच संपतं.
हो, ती म्हणाली.
बाहेर पूल नव्हता.
त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज मात्र
या काठाकडून त्या काठाकडे
सावकाश गेला.

तिकडे कागद उलटल्याचं ऐकू आलं, पुन्हा उलटल्याचं.
म्हणजे, आकडा बरोबर आहे ना?

बरोबर आहे.